पूजेतली पट्टी

रिक्षा फुटलेल्या कोहळ्यावरून घसरली, समोरच्या स्कूटरला जाऊन धडकली आणि मागे बसलेल्या देविकाचं कोपर आपोआप डोक्यावर गेलं. एवढंच झालं. आयुधपूजेची सकाळ, चेन्नईत वडपळनीच्या अलीकडचा रस्ता, आणि रस्ताभर कोहळ्यांचा चिखल. गाड्यांवरून ओवाळून, दृष्ट काढून, चाकांसमोर आपटलेले कोहळे, आत कुंकू कालवलेलं, त्यामुळे जिथे तिथे काहीतरी कापून टाकल्यासारखा लाल लगदा पडलेला. स्कूटरवाला उठला, पँट झटकली, आणि रिक्षात हात घालून त्याने ड्रायव्हरची कॉलर धरली. ड्रायव्हर वयस्कर पण काटक होता. त्याने सीटखालून चाक खोलायचा पाना उपसला आणि उगारला. मग त्याचं पान्याकडे लक्ष गेलं. पान्याला सकाळीच चंदन फासलेलं होतं, वर कुंकवाचं बोट, दांड्याला झेंडूचं फूल. त्याने तो पाना हळूच दोन्ही डोळ्यांना लावला, होता तसा सीटखाली ठेवला, आणि मग रिकाम्या हाताने स्कूटरवाल्याच्या अशी कानफटात दिली की त्याचा चष्मा लगद्यात जाऊन पडला. लोक जमले, तमिळमध्ये आयमाय निघाली, आणि थोड्या वेळाने तेच दोघे पायाने लगदा बाजूला सारत एकमेकांना वाट करून देऊ लागले. देविकाला तमिळचं अक्षर कळत नव्हतं, पण हे तिला कळलं. आज हत्याराला पूजा दिली आहे, आज ते उचलायचं नाही. हाताचं तसं काही नसतं.

रिक्षा पुन्हा सुरू झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपलं कोपर अजून खाली आलेलं नाही. डावा हात वाकवून कपाळावरून डोक्यामागे नेलेला, मान खांद्यात, डोळे मिटलेले. तिला कुणी मारत नव्हतं. तिच्या अंगाला मारून कुणाला काही मिळणारही नव्हतं. ती पन्नाशीला आलेली, चष्मेवाली, पुण्याहून विमानाने आलेली कादंबरीकार बाई होती आणि टी. नगरच्या हॉटेलात तिच्या खोलीवर प्रकाशकाने फळांची परडी ठेवलेली होती. पण ते कोपर तिचं नव्हतं. ते आईचं होतं. पुस्तकात तिने त्या कोपरावर अख्खं पान खर्च केलं होतं, समीक्षकांनी त्या पानाचं फार कौतुक केलं होतं, आणि कौतुक वाचताना तिला प्रत्येक वेळी वाटलं होतं की चला, हे एकदाचं अंगातून निघालं, कागदावर गेलं. कुठलं जातंय. तिने कोपर खाली आणलं, पदराने कपाळ टिपलं आणि स्वतःची मनापासून लाज वाटून घेतली.

इंदूर झालं होतं, नागपूर झालं होतं, बडोदा झालं होतं. प्रत्येक गावात तिने आठवं प्रकरणच वाचलं होतं. नवरा बायकोला मारतो आणि मुलगी दाराच्या फटीतून बघते, ते प्रकरण. कुठे आवाज खाली घ्यायचा, कुठे थांबायचं, कुठे पाण्याचा घोट घ्यायचा हे आता अंगवळणी पडलं होतं, आणि बायका हमखास कुठल्या वाक्याला डोळे पुसतात हेसुद्धा. चेन्नई यादीत नव्हतीच. इथे मराठी पुस्तक घेणार कोण, असं प्रकाशक म्हणाले होते. तिनेच हट्ट धरला. इथल्या मराठी मंडळाच्या पोरांना तिने स्वतः फोन केला, आणि देवेश नावाच्या आयटीतल्या मुलाने आनंदाने उडी मारून सुट्टीचा दिवस बघून तारीख धरली. हट्ट कशासाठी, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. चेन्नईत तिचा धाकटा भाऊ संजीव राहत होता, श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात होता, आणि आई गेल्यापासून त्याच्याकडे बाबा राहत होते. आठव्या प्रकरणातला तो नवरा. तिला त्याला पहिल्या रांगेत बसवायचं होतं आणि चार लोकांसमोर, माइकवरून, एकही शब्द न गाळता ते प्रकरण ऐकवायचं होतं. ऐकताना त्याचा चेहरा बघायचा होता. बाकी सगळी सहल, पुरस्कार, मुलाखती, हे त्या अर्ध्या तासाचं वऱ्हाड होतं.

बाबांना, म्हणजे त्र्यंबकरावांना, वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कादंबरी त्यानंतर महिन्याभरात छापायला गेली. हा योगायोग आहे असं ती मुलाखतींतून सांगायची, आणि बरेचदा तिला ते खरंही वाटायचं. पिंपरीच्या कारखान्यात ते टूलरूमला होते. डाय, म्हणजे पत्रा दाबायचे पोलादी साचे, बनवणारा माणूस. केसाच्या जाडीची चूक त्यांना डोळ्याने दिसायची आणि दिसली की सहन व्हायची नाही. घरातही नाही. जेवणाच्या पाटापासून ताट तिरकं, टॉवेलाची घडी तिरकी, आईचं बोलणं तिरकं. त्यांच्याकडे एक पोलादी पट्टी होती, फूटभर लांब, कडा अशी की कागद कापावा. ती चामड्याच्या म्यानात असायची. ते ओरडत नसत, दारू पीत नसत, शिवी तर कधीच नाही. म्यानातून पट्टी काढायचे, आईला मारायचे, पट्टी पुसून म्यानात ठेवायचे. चेहऱ्यावर कधी नाही, दंडावर, पाठीवर. मोजूनमापून. आई आवाज करायची नाही, शेजारी ऐकतील म्हणून. पट्टीचा आवाज मात्र व्हायचा, आणि आतल्या खोलीत गृहपाठ करणारी देविका त्या आवाजावर कान ठेवून बेरजा करायची. आत्या यायची ती आईलाच समजावून जायची, बाई गं, टाळी एका हाताने वाजत नाही. आई मान हलवायची आणि आत्याला चहा करून द्यायची. कुणीही आलं की आईचा हात आधी पदराकडे जायचा, दंड झाकायचा, आणि मग ती दार उघडायची.

आणि वर्षातला एक दिवस होता खंडेनवमीचा. आदल्या संध्याकाळी बाबा हिरव्या कॅनव्हासच्या पिशवीतून सगळी हत्यारं घरी आणायचे, कानशी, छिन्न्या, कॅलिपर, हातोडी. आई ती घासूनपुसून पाटावर मांडायची. म्यानातून पट्टी काढून तीही. हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, झेंडूचं फूल. देविकाने एकदा विचारलं होतं, हिलापण? तेव्हा आई म्हणाली होती, तिचा काय दोष, ती बापडी लोखंड. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही असा नियम होता आणि बाबा नियमाचे पक्के. त्या दिवशी घारगे व्हायचे, आणि दुपारी आई झोपायची ती पाठीवर. एरवी ती कुशीवर झोपायची. पाठीवर झोपलेली आई, तिचे सैल पडलेले हात, किंचित उघडं तोंड, हे बघत देविका शेजारी बसून राहायची आणि देवाला सांगायची की उद्या उजाडू देऊ नकोस. दिवाळी, गणपती, वाढदिवस, सगळे सण त्या एका दिवसापुढे तिला फिके होते. हे मात्र तिने पुस्तकात घातलं नव्हतं. का नाही, कोण जाणे. त्याने गोष्ट मऊ झाली असती, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

पोरूरच्या इमारतीत लिफ्टलाही केळीचे खुंट बांधलेले होते. लावण्याने, संजीवच्या बायकोने दार उघडलं. ती तंजावरकडची, पिढ्यानपिढ्या तिथे राहिलेल्या मराठी घरातली, विमा कंपनीत कारकून. जुन्या वळणाचं मराठी तमिळ हेलात बोलायची, तमिळ भराभर वाचायची, देवनागरी मात्र तिला अक्षर लावून वाचावं लागे. तिने देविकाला वाकून नमस्कार केला, हातातली पिशवी काढून घेतली, कॉफी आणून दिली. संजीव आला, ताई ताई करत शेजारी बसला. पुस्तक वाचायला वेळच मिळाला नाही गं, शिफ्ट अशा लागल्यात, असं त्याने येताक्षणीच सांगून टाकलं, आणि ते तिला ठाऊकच होतं. तो त्या घरात होता तेव्हा फार लहान होता. त्याला काही आठवत नाही, की आठवायचं नाही, हे तिने कधी उकरून काढलं नव्हतं. बाबांना पहिल्या रांगेत बसवतो, व्हीलचेअर नीट लागेल तिथे, हॉल बघून आलोय मी, तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर बहिणीचा अभिमान ओसंडत होता आणि देविका कॉफीच्या पेल्यात बघत राहिली.

बाबा बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत होते. पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. ही लावण्याची कामगिरी, पिंपरीत त्यांनी कधी कपाळाला काही लावून घेतलं नव्हतं. मांडीवर उशी आणि उशीवर उजवा हात ठेवलेला. ठेवलेलाच म्हणायचं, कारण तो स्वतःहून तिथे आला नव्हता. बोटं आत वळलेली, कातडी तुकतुकीत, रोज तेल लावून चोळलेली. देविकाला पाहून त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. ते हसले, की ओठ नुसता ओढला गेला, हे अर्ध्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. ती पाया पडली नाही. लावण्या कौतुकाने सांगत होती की मामंजी किती शांत, झटका येण्याआधी तिला सुऱ्यांना धार लावायला त्यांनीच शिकवलं, मिक्सर उघडून दुरुस्त करून द्यायचे, कधी आवाज चढवून बोलले नाहीत. देविका ऐकत होती आणि तिच्या कानशिलात काहीतरी ठणकत होतं. म्हणजे हा माणूस असाही राहू शकत होता. मिक्सर दुरुस्त करून, सुनेशी गोड बोलून, सबंध आयुष्य. आईपुरतंच जमलं नव्हतं. तिला वाटलं, आत्ता इथेच उभं राहून सगळं ओकून टाकावं, या मुलीच्या तेल लावणाऱ्या हातांवर. पण संध्याकाळ होती. संध्याकाळी माइक होता. तिने कॉफी संपवली.

मग तिने पूजा पाहिली. देवाच्या कोनाड्याखाली पाट, पाटावर लाल खण, चुरमुऱ्यांच्या राशी, उकडलेले हरभरे, केळी. हिशेबाचा कॅल्क्युलेटर, घरातल्या कात्र्या, विळी, संजीवचे पाने, लॅपटॉप, सगळ्यांना चंदनाचे ठिपके. बाबांची पट्टी. म्यानातून काढून, खोबरेल लावून लखलखीत केलेली, मधोमध कुंकवाचं ओलं, जाड बोट. आणि पट्टीला लागून देविकाची कादंबरी. तिची स्वतःची, वाचनाची प्रत, पानांना रंगीत चिकट्या लावलेली. मुखपृष्ठावर तिच्या नावाच्या वरच हळदकुंकू.

लावण्याने पिशवीतून ती काढून घेतली होती, कॉफी होईपर्यंत. तिच्या माहेरी या दिवशी सगळी पुस्तकं देवीपुढे जायची. लिहिणाऱ्या बाईचं पुस्तक पिशवीत कसं राहू द्यायचं. “आज उघडूं नये अक्का,” ती म्हणाली. “वाचणं नाही, लिहिणं नाही. उद्यां सकाळीं काढून चार ओळी वाचायच्या, कीं अस्की, सगळी विद्या येती.” आणि मग लाजत तिने विचारलं की यात आहे काय, तिला अजून दोन पानांपुढे लागलं नाही. देविका म्हणाली, एका घराची गोष्ट आहे.

तेवढ्यात देवेशचा फोन आला. पोरगा रडकुंडीला आला होता. मॅडम, आम्हाला खरंच माहीत नव्हतं, नवमीला इथे कुणी पुस्तक उघडत नाही, आम्ही नुसती सुट्टी बघितली. हॉलवर ठेवलेले गठ्ठेसुद्धा तंजावरच्या काकूंनी देवीच्या फोटोपुढे रचून हार घातलाय आणि सोडायला देत नाहीत. माणसं येणार आहेत, पण वाचणार कसं. देविकाला हसू आलं. खंडेनवमीला शस्त्र उचलायचं नाही हे आपल्या पोरांना माहीत असतं. पुस्तकही त्यातच येतं, हे इथे येऊन कळावं. तिने त्याला धीर दिला. पुस्तक राहू दे तिथेच, मला पाठ आहे.

कोहळा फोडायला संजीव आणि लावण्या खाली गेले. गाडी, स्कूटर, सगळ्याची पूजा खाली मांडलेली होती. मी बाबांजवळ बसते, देविका म्हणाली. दार लागलं आणि घरात पंखा तेवढा राहिला. तिने स्टूल ओढून त्यांच्यासमोर घेतलं. इतक्या जवळ ती त्यांच्या कधी बसली होती हे तिला आठवेना. त्यांच्या अंगाला पावडरीचा वास येत होता, लहान मुलाच्या अंगाला येतो तसा. ती हळू आवाजात म्हणाली, “बाबा, आज संध्याकाळी मी आईचं प्रकरण वाचणार आहे. तुम्ही ऐकायचं.” त्यांनी तिच्याकडे बघितलं. डोळे स्वच्छ होते. त्यांना सगळं समजतं असं डॉक्टर म्हणत, आणि तिला तसंच हवं होतं. मग त्यांचे डोळे तिच्यावरून हलले, पूजेकडे गेले, तिथेच खिळले. डावा हात उठला. एक बोट पुढे झालं. ती वळून बघत राहिली आणि मग तिला कळलं. पट्टी तिरकी होती. पाटाच्या कडेशी समांतर नव्हती, लावण्याने पुस्तक सरकवताना जराशी फिरली असेल. बोट डावीकडून उजवीकडे हललं. सरळ कर.

आणि देविका उठली. मागाहून तिला सगळ्यात जास्त चीड आली ती या उठण्याची. पुरस्कार घेतलेली, परिसंवादांत अध्यक्ष म्हणून बसलेली बाई त्या बोटासरशी उठली, पाटाशी वाकली आणि पट्टी सरळ करू लागली. तिच्या गुडघ्यांना ते पाठ होतं. ताट सरळ कर, चादर सरळ कर, आईच्या आधी आपण सरळ केलं तर कदाचित आजचा दिवस निभावेल. पट्टी बोटांत आली. लहानपणी तिला ती पहारीएवढी जड वाटायची. ती काहीच जड नव्हती. थंड होती, तेलाने बुळबुळीत, आणि मुठीत अशी बसली की जणू मूठ त्यासाठीच वळली असावी. ती वळली तेव्हा पट्टी तिच्या खांद्याच्या वर होती.

बाबांनी ती पाहिली आणि त्यांचं डावं कोपर वर गेलं. कपाळावरून डोक्यामागे. मान खांद्यात, डोळे मिटलेले. तेच कोपर. आईचं, सकाळी रिक्षातलं, आता त्यांचं. म्हणजे त्यांना ते माहीत होतं. इतकी वर्षं समोरून बघून बघून तेही शिकले होते. देविकाच्या आत एक काहीतरी होतं जे या कोपराला बघून थांबायला हवं होतं, ज्याबद्दल ती माइकवरून फार सुंदर बोलायची. ते थांबलं नाही. तिने पट्टी खाली आणली ती उशीवरच्या उजव्या हातावर. त्याच हातावर. सपासप नाही, एकच, कडेने. आवाज आला आणि तो तिने ओळखला.

बाबांनी डोळे उघडले. कोपर खाली न आणता ते आपल्या उजव्या हाताकडे बघू लागले, शेजारच्या माणसाला काय झालं म्हणून बघावं तसे. हातावर एक पांढरी रेघ उठली होती, ती बघता बघता लाल झाली. चेहऱ्यावर वेदना नव्हती. असणार कुठून. ज्या हाताने आयुष्यभर मारलं तो हात मेलेला होता, तिथे काहीही पोहोचत नव्हतं, आणि हे कळल्यावर तिला इतका संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली. दुखत नाही म्हणून तिने पुन्हा मारलं. पुन्हा. मनगटावर, वळलेल्या बोटांवर. दातांवर दात होते, तोंडातून शब्द नव्हता. तिने ओरडायला हवं होतं, एखादी शिवी तरी. पण तीसुद्धा गप्प मारत होती, शेजारी ऐकतील म्हणून. खाली कुणीतरी कोहळा आपटला. फट् असा मोठा आवाज झाला, टाळ्या वाजल्या, मुलं ओरडली, आणि त्या आवाजाने तिचा हात थांबला.

तिने पट्टी पदराने पुसली, पाटावर ठेवली, पाटाच्या कडेशी समांतर. ठेवून झाल्यावर तिला कळलं की आपण ती पुसली. कुंकू पट्टीवर उरलं नव्हतं. सगळं बाबांच्या हातावर गेलं होतं, रेघांवर माखलं होतं, त्यामुळे कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं हे चटकन कळत नव्हतं. बाबांनी कोपर खाली आणलं होतं. ते तिच्याकडे बघत नव्हते. ते पट्टीकडे बघत होते, आणि ती सरळ होती.

लावण्या धापा टाकत आत आली, हात कोहळ्याने चिकट, केसांत चमेली. तिची नजर उशीवर गेली. देविकाने भिंतीला हात टेकला आणि वाट पाहिली. लावण्या जवळ गेली, वाकून बघितलं, आणि तिचा चेहरा उजळला. “मामंजींच्या हाताला पण कुंकूं लावलांत अक्का?” ती म्हणाली. “मला सुचलंच नाही पाहा. तेंच तर खरं त्यांचं आयुध.” तिने चिकट हात पदराला पुसले, दोन्ही तळवे जोडले आणि त्या हाताला नमस्कार केला. संजीव दारात उभा होता. तोही आला, वाकला, बोटांनी त्या हाताला शिवून स्वतःच्या डोळ्यांना लावली. त्याच्या बोटांना ओलं लागलं असणार. तो क्षणभर बोटांकडे बघत राहिला, मग ताईकडे. बेसिनवर जाऊन हात धुऊन आला. त्याला आठवत होतं. एवढ्या वर्षांनी देविकाला ते असं कळलं.

हॉल एग्मोरच्या बाजूला होता, लहानसा, फूटभर उंचीचं व्यासपीठ. कंपन्यांमधली तरुण जोडपी होती, कांजीवरम नेसलेल्या तंजावरच्या काकू होत्या, आणि पुस्तकांचे गठ्ठे हार घालून देवीपुढे बसलेले होते. देवेशने देविकाला पोन्नाडै पांघरवली, इथे पाहुण्याला घालतात ती जरीकाठी रेशमी शाल, आणि लेखिकेचे वडील आले आहेत म्हणून खाली उतरून बाबांनाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पहिली रांग व्यासपीठाला इतकी लागून होती की बाबांच्या शर्टाची बटणं दिसत होती. उजवा हात उशीवर उघडा होता. पूजेचं कुंकू म्हणून लावण्याने तो धुऊ दिला नव्हता. त्याखाली आता सूज चढली होती, बोटं फुगली होती, आणि लांबून बघणाऱ्याला तो नुसता लाल दिसत असेल. गाडीत सगळा वेळ देविकाने ठरवलं होतं की दुसरं काहीतरी बोलू, प्रवासाबद्दल बोलू, आज पुस्तक उघडत नाहीत असं म्हणून हात जोडू. पण माइक पुढे आला, समोरचे चेहरे गप्प झाले, आणि तोंडाने आपलं काम सुरू केलं. आठवं प्रकरण पहिल्या शब्दापासून बाहेर पडू लागलं.

आवाज कुठेच कापला नाही, याची तिलाच भीती वाटली. ती म्यानाबद्दल बोलली, आवाजावर बेरजा करणाऱ्या मुलीबद्दल बोलली, कोपराबद्दल बोलली. पुढच्या काकूंनी डोळ्याला रुमाल लावला, नेहमीच्या जागी. लावण्या ऐकत होती, मान जराशी तिरकी करून, आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू विझत चाललं होतं. शब्द कानाने ऐकायला तिला अक्षर लावावं लागत नव्हतं. संजीव जमिनीकडे बघत होता. बाबा देविकाकडे बघत होते. ज्या चेहऱ्यासाठी तिने एवढा घाट घातला होता तो समोर होता, दिव्याच्या उजेडात, एका हाताच्या अंतरावर, आणि तो तिला वाचता येत नव्हता. “कुणी आलं की तिचा हात आधी पदराकडे जायचा,” ती म्हणाली. “दंड झाकला की मग ती दार उघडायची.” इथे ती नेहमी थांबायची. इथे ती थांबली.

बाबांचा डावा हात शालीतून बाहेर आला. चाचपडत त्याने जरीचा काठ पकडला, ओढला, उजव्या हातावर आणला, सुजलेली बोटं, मनगट, सगळं झाकलं, काठ उशीखाली खोचला. मग त्यांनी शेजारी बघितलं, कुणाच्या लक्षात तर नाही आलं, आणि मग परत देविकाकडे. आईची ती नजर तिने दाराच्या फटीतून हजारदा पाहिली होती. कुणाला सांगू नकोस हं, म्हणणारी. ते स्वतःचं झाकत होते की तिचं, हे विचारायची सोय नव्हती. देविकाला पुढची ओळ येईना. सभागृह श्वास रोखून बसलं होतं, सगळ्यांना ते थांबणं फार परिणामकारक वाटत असणार. देवेश पुढे आला आणि त्याने पाण्याचा ग्लास धरला. तो घ्यायला देविकाने हात उचलला, आणि पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या देखत, बाबांचं कोपर डोक्यावर गेलं आणि शाल उशीवरून खाली घसरली.